सात रिकाम्या खुंट्या

आत्या खाणीच्या दिवेघरात कामाला होती. खाली उतरणाऱ्याला त्याच्या नंबराचा दिवा द्यायचा, तो वर आला की त्याच खुंटीवर टांगायचा. तोंडाने फटकळ, पण साहेबांपुढे ब्र काढत नसे, कारण बाबा गेल्यापासून आमचं घर तिच्याच पगारावर चालायचं.

कंपनी किती सचोटीची आहे, हे तपासायला एक बाई आल्या. कागदोपत्री सगळं चकाचक: नऊ वर्षांत खाणीत एकही मृत्यू नाही. खरंच होतं म्हणा! फाटकाबाहेर नेल्याशिवाय डॉक्टर कुणाला मेलेला म्हणतच नसे.

दिवेघरात आल्यावर बाईंची नजर खुंट्यांच्या भिंतीवर गेली. "आत्ता खाली कुणीच नाही, मग या सात खुंट्या रिकाम्या कशा?"

"मोडल्यात त्या," सोबत आलेला मॅनेजर म्हणाला आणि त्याने आत्याकडे रोखून पाहिलं.

मेलेल्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, हा दिवेघराचा रिवाज. तो लपवायला हवा, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

आत्याने सतरा नंबरची खुंटी धरून जोरात ओढली. ती हललीही नाही.

"मोडली कुठे? ही माझ्या भावाची आहे. लिहून घ्या बाई, अजून सहा नावं सांगते."