पठारवाल्याच्या घरचा चहा

तुम्ही काहीही लिहा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "तुमी सोता पायलं का?"

अमेरिकेतला कुणी लिहायचा की भारतात आता खेडोपाडी कॉम्प्युटर पोचला. खाली लगेच याचं उत्तर: "कोनतं खेडं? तुमी सोता पायलं का?" लंडनच्या एका बाईंनी लिहिलं की मिक्सरमधून काढलेल्या पुरणाला पाट्यावरच्या पुरणाची चव नाही. "बाई, तुमी पाट्यावर सोता वाटलंय का कदी?" मंगळावर पाणी असल्याची बातमी कुणीतरी डकवली, तेव्हाही त्याने हेच विचारलं. मी मस्कतमधल्या माझ्या खोलीत एकटाच खो खो हसत सुटलो होतो.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. राजकारण, सॉफ्टवेअर, कढीपत्ता कुठे मिळतो, मुलांनी घरात मराठी बोलावं की नाही, कशावरूनही तिथे भांडणं जुंपायची. खरं नाव कुणी लावत नसे. मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर टेक्निशियन होतो आणि माझं तिथलं नाव 'पिंपरीकर', कारण गाव पिंपरी पेंढार. त्याचं नाव 'पठारवाला'. गाव आणे, काम दुबईत लिफ्ट दुरुस्तीचं, एवढंच त्याने सांगितलं होतं.

त्याच्या त्या प्रश्नाचं मूळ त्याच्या धंद्यात होतं. एकदा त्यानेच लिहिलं: "लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना वरचा मानूस सांगतो, करंट बंद केलाय. त्यो खोटं बोलत नसतो. पन आपुन टेस्टर लावायचा. त्याच्या सांगन्यावर ज्यो उतरला त्यो परत वर आला नाय." लिहायचा तो असाच, बोलतो तसा. जरा शुद्ध लिहा, असं एकाने सुचवलं तर म्हणाला, "शुद्ध लिवता येतं मला. पन शुद्ध तुमी वाचता आन् इसरता. हे ध्यानात ऱ्हातं."

पण हा माणूस खराच दुबईत आहे का, असा संशय आम्हाला लवकरच येऊ लागला. आण्याच्या घाटात ट्रक कधी अडकला, ओतूरच्या बाजारात कांदा कसा गेला, हे याला त्याच दिवशी ठाऊक असायचं. हा ओतूरच्या एखाद्या सायबर कॅफेत बसून आपल्या सगळ्यांना बनवतोय, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, आमच्यातलाच कुणीतरी दुसऱ्या नावाने लिहितोय. (नंतर कळलं, तो रोज आईला शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करायचा.) दिसत नसलेल्या माणसांच्या त्या गर्दीत संशय घेण्याइतकी स्वस्त करमणूक दुसरी नव्हती, आणि मीही तिच्यात पुढे होतो.

मग राखीव जागांचा वाद पेटला. न्यू जर्सीचे एक डॉक्टर कट्ट्यावर फार मानले जात. त्यांनी लिहिलं की आमच्या वर्गात राखीव जागांवर आलेल्यांना काही म्हणजे काही येत नव्हतं. पठारवाल्याने विचारलं, "किती जन व्हते? त्यातला एक तरी तुमच्या घरी जेवाया आला व्हता का?" डॉक्टरांनी उलट विचारलं, "आपलं आडनाव काय?"

"आडनाव कशाला पायजे राव? सोयरीक जमवायची हाय का?"

"बरं, आण्यात घर नक्की कुठे?"

"घर कशाला इचारता? येनार हाये का चहाला?"

त्याचं आडनाव मीही इथे सांगणार नाही. वाचणाऱ्याच्या मनात तो प्रश्न केव्हाच येऊन गेला असेल, हे मला माहीत आहे. आमच्या भागात जात कुणी तोंडावर विचारत नाही, ते वाईट दिसतं. गाव विचारायचं, मग घर वरच्या अंगाला की खालच्या, मग शेजारी देऊळ कोणतं. तिसऱ्या प्रश्नाला काम होतं. हे मला कुणी शिकवलं नाही, तरी येतं. माझे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा गावोगावचे लोक त्यांना असेच तीन प्रश्न विचारायचे आणि मग पाणी वरून ओतायचे. तेही मला माहीत होतं. तरीसुद्धा डॉक्टरांनी मला एकट्याला पत्र धाडलं, "तुम्ही त्याच भागातले, सुट्टीवर जाताच आहात, जरा छडा लावा ना," तेव्हा मला भारी वाटलं. एवढा मोठा माणूस आपल्याला काम सांगतोय!

सुट्टीत मी एसटीने आण्याला गेलो. तो खरंच दुबईत आहे का, तेवढंच पाहायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. लबाडी होती ती. चौकात चहाच्या टपरीवर विचारलं, "इथलं कुणी दुबईला लिफ्टचं काम करतं का हो?"

"सुदामभाऊ व्हय? हाये की! लई हुशार गडी," टपरीवाला म्हणाला. "त्यो निळा झेंडा दिसतोय का? विहाराचा. त्याच्या पल्याडचं घर. म्हातारी एकलीच असती. चला, दावतो."

दुसरा-तिसरा प्रश्न विचारायची मला गरजच पडली नाही. "नको, नको, मी जातो," म्हटलं. पण त्याने तोवर त्या बाजूला निघालेल्या एका बाईला हाक मारून सांगितलंसुद्धा, "अगं, सुदामच्या आईला सांग, पावणं आल्यात म्हनावं!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तेवढ्यात समोर आळेफाट्याकडे जाणारी एसटी उभी राहिली, आणि मी तिच्यात चढलो.

ओतूरला उतरून सायबर कॅफेतून डॉक्टरांना दोन ओळी लिहिल्या. माणूस खरा आहे, घर विहाराजवळ. डॉक्टर ते स्वतःपाशी ठेवतील असं मला वाटलं होतं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्यांचं वाक्य झळकलं: "पठारवाल्यांचा कळवळा कुठून येतो, ते आता खात्रीलायक समजलं आहे." खाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी पुन्हा लिहिणार नाही. त्याच्या एकाही मुद्द्याला मात्र कुणी उत्तर दिलं नाही.

तीन दिवसांनी त्याने लिहिलं. पहिल्यांदाच शुद्ध मराठीत.

"माझी चौकशी करायला कोणी पाहुणे आण्यात आले होते. निरोप आला म्हणून आईने चहा ठेवला आणि ती दारात उभी राहिली. पाहुणे आलेच नाहीत. कोण होतं, तेवढं सांगा. आई रोज विचारते."

कुणीच काही सांगितलं नाही. मीही नाही. माझी सुट्टी संपली, मी मस्कतला गेलो, आणि पठारवाल्याने कट्ट्यावर लिहिणं सोडलं ते सोडलंच. कधी कुणी बेधडक काही ठोकून दिलं की माझी नजर आपोआप खाली जायची. तिथे काही नसायचं. लाज वाटायची मला, पण लाज वाटून घ्यायला काही करावं लागत नाही, म्हणून ती मी बरीच वर्षं बाळगली.

मी मस्कत सोडून कायमचा गावी आलो, त्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटर जळली. वडिलांनी ओतूरच्या दुकानातून मेकॅनिक बोलावला. चाळिशीचा, बारकासा, खिशाला टेस्टर लावलेला. तो स्टार्टरच्या पेटीजवळ वाकला तेव्हा मी म्हटलं, "मेन स्विच बंद केलाय भाऊ."

"तुमी केलाय," टेस्टर काढत तो म्हणाला. "मी कुटं पायलाय?"

मी ओळखलं त्याला. आणि तोंडातून काय निघावं? तोच प्रश्न! "आण्याचे का तुम्ही?"

त्याचा हात थांबला. "कशापायी इचारता?"

मग मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचं पत्र, टपरी, झेंडा, एसटी. तो नट सोडवत राहिला. माझं संपल्यावर त्याने हात पुसले.

"आईपायी दुबई सोडून आलो. ती गेली गेल्या साली," तो म्हणाला. "लई दिस इचारायची, सुदाम, ते पावणं कोन व्हतं रं? मी म्हनायचो, वाट चुकला आसंल. ती म्हनायची, चौकातून घर दिसतंय, चुकंल कसा?"

"माझी चूक झाली. माफ करा," मी म्हटलं. डोळे भरून आले होते माझे, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"तवा केलं ते समद्या जगाम्होरं. आन् आता हिरीवर एकल्याला सांगता व्हय? तुमचं वझं हलकं झालं. माझं काय?" त्याने हत्यारांची पेटी आवरली. "तितं लिवा."

"लिहितो."

"लिवतो म्हनू नका. लिवा. मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी ओतूरला त्याच सायबर कॅफेत बसलो. कट्टा अजून होता, वर्दळ कमी झाली होती. मी माझं खरं नाव घातलं, गाव घातलं, आजोबांची मेंढरं आणि वरून ओतलेलं पाणीही घातलं. मग लिहिलं की आण्यात गेलेला तो पाहुणा मी, घरी निरोप गेलाय हे ऐकूनही पळालेला मी, डॉक्टरांना कळवणारा मी. आणि बटण दाबलं. दोघांनी लिहिलं, जुनी मढी कशाला उकरता. एकीने लिहिलं, बरं झालं. डॉक्टर काहीच बोलले नाहीत.

आठवडाभर मी रोज ओतूरला जाऊन पाहत होतो. वडिलांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं. आठव्या दिवशी माझ्या मजकुराखाली जुनंच नाव दिसलं. पठारवाला. त्याने दोन वाक्यं लिहिली होती.

"पायलं. आयतवारी घरी हाये."

रविवारी मी आण्याला उतरलो. टपरीवाला तोच होता, पण त्याला मी काही विचारलं नाही. सुदाम दारात उभा होता. त्याने चहा दिला आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "आईच्या हातचा लई गोड व्हायचा."

चौकापासून त्याचं घर दोनशे पावलांवर आहे. मी स्वतः चालून पाहिलंय.