यादीतली लढाई
थोरल्या भावाचे तेरावे झाल्यावर त्याची लष्करी पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाने एकाहत्तरच्या लढाईनंतरची त्याची सोयरीक आठवली. जावई फौजी म्हणून इस्लामपूरला मुलीची आई अडून बसली होती. कॉलेजात शिकणारा म्हणून लग्नाची यादी मी लिहीत होतो. तिने मलाच विचारले, "तुमी शिकलेलं, सांगा, लढाया थांबल्या न्हवं आता?" पुस्तकात वाचले होते तेच मी सांगितले, "महायुद्ध होणार नाही, पण जगात लहान लढाया वाढतायत." भावाने डोळे वटारले. "मग लिवा," ती म्हणाली, "लढाई लागली की पोरगी म्हायेरी." कुठली लढाई, ते लिहायचे राहिले. पुढे जगात कुठेही तोफ उडाली, की वहिनी पेपर दाखवून माहेरी निघायची. आजच्या पेपरात दोन लढाया आहेत आणि माहेरचे न्यायला आलेत. वहिनी म्हणते, "ऱ्हाऊ द्या. फुडच्या लढाईला येते."