आमची दत्तक मुलगी

नाशिकला शरणपूरच्या आमच्या चर्चमध्ये बाबा दर रविवारी उपासनेनंतर बायबलचा वर्ग घ्यायचे. ते थोडंफार ग्रीक शिकले होते आणि त्यातल्या एका शब्दावर त्यांचा भारी जीव होता : हुइओथेसिया. मराठी बायबलात त्याला दत्तकपण म्हटलंय. बाबा फोड करून सांगायचे, "मुलाच्या जागी बसवणं. चुकून पदरात पडलेलं लेकरू नव्हे, बापानं पाहून, ठरवून घेतलेलं."

"आणि मुलगी?" मी एकदा वर्गातच विचारलं.

"त्या काळी वारसा मुलालाच मिळे. म्हणून हा शब्द वापरणारा प्रेषित पौल सगळ्यांनाच मुलाची जागा देतो, मुलींनासुद्धा. तसूभर कमी नाही."

मी तान्ही असताना हरसूलकडच्या एका पाड्यावरून या घरात आले. जन्म देणारी बाळंतपणात गेली होती. कळत्या वयापासून मला हे ठाऊक होतं, कारण बाबा ते कुणालाही सांगत. पाहुणा "सलाम" म्हणून खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच, "ही आमची दत्तक मुलगी!" दूधवाला, शाळेतल्या बाई, बसमध्ये शेजारी बसलेला त्र्यंबकचा यात्रेकरू, कुणी म्हणून सुटायचं नाही. लोक चुकचुकायचे, गालावरून हात फिरवून "बिचारी" म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई बजावायची, "अहो, नुसतं मुलगी म्हणा की!" बाबांना ते उमगायचंच नाही. जगातला सगळ्यात मोठा मान आपण पोरीला देतोय, मग ती पाय आपटत आत का जाते?

ऐंशी सालाच्या सुमारास अंबडच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका मुलाचं स्थळ आलं. मुलगा मला आवडला होता. आईनं ते ओळखलं आणि आदल्या दिवशीच बाबांना तंबी दिली : उद्या ग्रीक बंद.

पोहे झाले. मुलाच्या आत्यानं मला निरखून पाहिलं. "नाकडोळे ना आईचे, ना वडलांचे. कुणावर गेली हो ही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग मान खाली घालून म्हणाले, "आमचीच मुलगी आहे."

इतकी वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होते. आणि ते ऐकलं तेव्हा मला रडूच आलं. माझं लग्न मोडेल म्हणून ते घाबरले होते. वर्गात टेबलावर हात आपटून बोलणारा माणूस चोरासारखा बशीकडे बघत होता.

"मी दत्तक आहे," मी म्हणाले. "हरसूलकडची. बाबा, यांना तो शब्द सांगा ना."

आईनं कपाळाला हात लावला. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि सगळं सांगितलं, 'मुलाच्या जागी बसवणं' यासकट. बोलता बोलता त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला. आत्या मध्येच "कळवतो" म्हणून उठल्या. कळवलं काही नाही. चार दिवस मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी मी बशा विसळत होते, तेव्हा बाबा मोरीपाशी येऊन उभे राहिले.

"वर्गात मी सांगतो, यात लेकराच्या हाती काही नसतं, निवडतो तो बाप," ते म्हणाले. मग विसळलेली एक बशी उचलून पुसायला लागले. "आज तू मला निवडलंस, पोरी."