नारळ फुटला आणि महायुद्ध पेटलं

सोव्हिएत संघ फुटला त्या हिवाळ्यात मी मिरजगावात नववीला इतिहास शिकवत होते आणि माझी नोकरी तात्पुरती होती. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी माझा पाठ पाहून शेरा चांगला दिला तर कायम, नाहीतर चंबूगबाळं आवरून सोनईला आईवडिलांकडे. तिथे तीन स्थळं तयारच होती, म्हणजे पोह्यांच्या बश्या हातात घेऊन तीनदा मान खाली. विचारानेच माझ्या अंगावर काटा यायचा.

पाठ होता, पहिल्या महायुद्धाने देशांच्या सत्तेचा तोल कसा बदलला. पाठांतर करून घेतलं असतं तर मुलांनी घडाघडा म्हणून दाखवलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रिया-ऑस्ट्रेलियाची गल्लत केली असती. म्हणून मी मैदानावर रस्सीखेच ठरवली. दोर ट्रॅक्टरला बांधतात तसला, चांगला मनगटाएवढा. एका बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया, तुर्कस्तान; दुसऱ्या बाजूला इंग्लंड, फ्रान्स, रशिया. मी हात वर करून खूण केली की रशियाने दोर सोडून घरची भांडणं मिटवायला जायचं. मग झाडाखाली बसलेल्या तीन उंच मुलींनी, म्हणजे अमेरिकेने, उशिरा यायचं आणि इंग्लंडकडून ओढायचं. मला माझ्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटत होतं की आदल्या दिवशी मी एकटीच खोलीत हसत होते.

आमच्याकडे बोअर मारायची असो की पिठाची गिरणी सुरू करायची असो, नारळ आणि पाहुण्याचा हात लागतोच. साहेब आले की नारळ फुटणार हे ठरलेलं. म्हणून मीच वर्गाला सांगून ठेवलं होतं, "नारळ फुटला की ओढायला लागा." नारळ साहेब फोडतील असं मी गृहीत धरलं होतं. ऐन वेळी मुख्याध्यापकांना मान द्यायची लहर आली. "साहेब, दोराला आपला हात लागू द्या," म्हणत त्यांनी इंग्लंडच्या पुढ्यातला दोर साहेबांच्या हातात दिला आणि नारळ स्वतःच दगडावर आपटला.

पन्नास पोरांनी एकदम ओढलं. साहेब दोन पावलं जर्मनीकडे धावत गेले. मी "थांबा!" म्हणून हात वर केला, तर रशियाला ती खूण वाटली. रशिया दोर टाकून शिस्तीत निघून गेला आणि इंग्लंड-फ्रान्स साहेबांसकट घसरायला लागले.

आणि मग साहेबांना चेव चढला. त्यांनी बूट मातीत रोवले, दात ओठ खाल्ले आणि "ओढा रे!" म्हणून अशी आरोळी ठोकली की बाकीचे वर्ग खिडक्यांतून बाहेर लोंबकळले. जर्मनी हलली, घसरली, ऑस्ट्रियाच्या हातून दोर सुटला. साहेब सोडून जिंकलेले सगळे एकमेकांवर उताणे पडले. अमेरिका झाडाखालीच टाळ्या वाजवत राहिली. मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं, कारण पाठाची पार वाट लागली होती.

साहेबांनी धोतर झटकावं तशी पँटला लागलेली माती झटकली. मुख्याध्यापक नारळाची भकलं हातात धरून थिजले होते. साहेबांनी धापा टाकत फ्रान्समधल्या एका मुलीला विचारलं, "कोण जिंकलं?"

"आमी जिंकलो, साहेब. पन उठवना कुनाला. उभे तुमीच हाय." मग तिने झाडाखाली बोट केलं. "खरी अमेरिका ती. तिचं काम तुमी केलं."

"मग आता सगळ्यांत बळकट अमेरिका?"

"व्हय."

"नेहमीसाठी?"

मुलीने डोकं खाजवलं. "न्हाई वो साहेब. परवा रशिया बी लई मोठा हुता. बाई म्हनल्या, फुटला. ह्यात टिकतंय कोन?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराने घाम पुसत होते, डोळ्यांपुढे सोनईची एसटी.

"या बाई टिकतील," ते मुख्याध्यापकांना म्हणाले आणि खो-खो हसत सुटले.

मी पन्नास पोरांच्या देखत, सगळ्या युरोपाच्या मधोमध, उडी मारली.