कहकशां मॅडमचं रिकामं फोल्डर

लातुरात त्या काळी चांगल्या क्लासला ॲडमिशन मिळाली म्हणजे पोरगं निम्मं डॉक्टर झाल्यासारखंच धरायचे. किनवटपासून बिलोलीपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन उतरायची आणि आईबाप क्लासच्या दारात असे हात जोडून उभे राहायचे, की आत शिकवणारे सर नसून देवच बसलेत. अशाच एका क्लासची कॉम्प्युटर लॅब कहकशां सांभाळायची. प्रश्नपत्रिका स्कॅन करायच्या, सर्व्हरवर ठेवायच्या, आणि काही बिघडलं की सगळ्यांची बोलणी खायची, हे तिचं काम.

ती मूळची निलंग्याची. वडील लालमहंमद फोटोग्राफर. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, कॅमेरा लालूभाईंचाच. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कहकशां शाळकरी होती. नंतर लोक दुकानात येऊन एवढंच विचारायचे, "आमच्या माणसाचा एखादा फोटो हाय का हो?" वडील निगेटिव्हचे डबे उपसत बसायचे. ते वारल्यावर डबे लेकीकडे आले.

क्लासमध्ये महामाया नावाची बारावीची पोरगी होती, किल्लारीकडच्या एका गावची. भूकंपात तिची आई गेली तेव्हा ही तान्ही होती. घराबरोबर घरातले फोटोही गाडले गेले. मावशीनं वाढवलं, पण आईचा चेहरा पोरीनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. हे कळल्यावर कहकशांला चैन पडेना. तिनं सगळे डबे उघडले आणि महामायाच्या आईच्या लग्नाचा रोल शोधलाच. बुरशीनं खाल्लेला, एकमेकांना चिकटलेला. कसाबसा सोडवून तिनं तो स्कॅन केला. स्कॅन होईपर्यंत त्याचे पापुद्रे निघाले, मग उरलेलं टाकून दिलं.

फोटो ठेवायला, क्लासचा सर्व्हर सांभाळणाऱ्या शेषेराव सरांनी तिला सर्व्हरवर नवी, कोरी जागा दिली होती. सर्व्हर रस्त्यापलीकडच्या इमारतीत. त्याची जागा आपल्या यंत्रातल्या एका फोल्डरवर आणून जोडायची, याला माऊंट करणं म्हणतात. एरवी हे काम ॲडमिनचं, पण सरांना दर वेळी पासवर्ड टाकायला यायचा कंटाळा. म्हणून साध्या युजरलाही जोडता-सोडता येईल अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांड टाकली की झालं.

आता लातूरचं लोडशेडिंग! रस्त्याच्या अलीकडे एका वेळी वीज जायची, पलीकडे भलत्याच वेळी. ज्या दिवशी कहकशांनं फोटो ठेवले, त्या दिवशी इकडे पंखे गरगरत होते आणि तिकडे सर्व्हर मेलेला होता. कमांड टाकली, तेवढ्यात एक पालक दारात येऊन पोराच्या मार्कांवरून तावातावानं बोलू लागले. खिडकीत उमटलेली तक्रार तिनं वाचलीच नाही. फोल्डर उघडलं तर रिकामं. ते तर रिकामंच असणार होतं! तिनं फोटो आत ओतले, दुसरी प्रत ठेवली नाही, आणि महामायाला शनिवारी बोलावलं.

शनिवारी पोरगी वेणीफणी करून, नवा ड्रेस घालून आली. कहकशांनं फोल्डर जोडलं, उघडलं. आत काहीच नव्हतं.

पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं, सरांना बोलावलं. सर म्हणाले, "इथं कधी काही आलंच न्हाई, मॅडम." निगेटिव्ह कचऱ्यात गेलेल्या. जगात त्या बाईचा राहिलेला एकुलता एक चेहरा आपण घालवला, हे तिच्या लक्षात आलं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," महामायाच तिची समजूत काढू लागली. "आजवर कुठं पाहिली होती?"

त्या बोलण्यानं कहकशांला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात सर दारातून म्हणाले, "नवी बॅच यायलीय. यंत्रं पुसायला घेतो, तुमचं काय जोडलेलं असंल ते सोडा." नव्या बॅचला सगळी यंत्रं पुसून कोरी करून द्यायची, हा क्लासचा नेम होता. तिनं सोडायची कमांड टाकली. सुटेना. फोल्डर वापरात आहे म्हणे. उघडी राहिलेली खिडकी बंद केली, पुन्हा कमांड टाकली, सुटलं. सवयीनं तिनं आत काय आहे ते पाहिलं, आणि खुर्चीवरून ताडकन उठली.

"या अल्ला!"

सगळे फोटो तिथंच होते. त्या दिवशी जोडणी झालीच नव्हती, म्हणून ते तिच्याच यंत्रावर पडले होते. नंतर सर्व्हरची रिकामी जागा त्याच फोल्डरवर येऊन बसली आणि सगळं झाकून गेलं. अजून थोडा वेळ गेला असता तर तिनं स्वतःच्या हातानं हे यंत्र पुसायला दिलं असतं. "सर, याला हात लावू नका!" ती एवढ्यानं ओरडली की बाहेरची पोरं दारात गोळा झाली.

तिनं फोटो मोठा केला. बौद्ध लग्नातली पांढरी साडी, गळ्यात हार, कॅमेऱ्याकडं पाहणारी नवरी.

महामाया हसली नाही, रडलीही नाही. पडद्याजवळ गेली आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

"मॅडम," ती म्हणाली, "मला वाटायचं, आई म्हंजे मोठी बाई असंल. ही तर माझ्याएवढीच पोरगी हाय."