भुतांची वाट पाठ

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून टीव्ही जातात, किस्से मात्र साठत राहतात. शिवाजी पेठेत इक्बालभाईंच्या दुकानात मी नव्वदच्या दशकात सात-आठ वर्षं कामाला होतो. तिथले माझे निम्मे किस्से एका मशीनचेच!

एका गेम पार्लरवाल्यानं ते कपाटाएवढं मशीन दुरुस्तीला टाकलं आणि मागाहून पार्लरच बंद केलं. गेम साधा. पडद्यावर चक्रव्यूहासारख्या गल्ल्या, गल्ल्यांत ठिपके. दांडी फिरवत, चार भुतांना चुकवत आपल्या गोळ्यानं सगळे ठिपके खायचे. सगळे खाल्ले की तो बोर्ड, म्हणजे लेव्हल, साफ; मग पुढचा, जास्त स्पीडचा.

आम्ही जिवाच्या आकांतानं पळायचो आणि मरायचो. इक्बालभाई आठवडाभर नुसते मागं उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "भुतं डोकं चालवत न्हाईत रं. आपण रोज एकाच वाटेनं गेलो, तर तीबी रोज एकाच वाटेनं येत्यात. वाट पाठ करायची की!"

त्यांनी एका कागदावर लिहून काढलं: उजवीकडं, खाली, डावीकडं, वर... पहिला बोर्ड साफ! एकही भूत जवळ आलं नाही.

*

शेजारच्या शाळेतले कांबळे सर मधल्या सुट्टीत खेळायला यायचे. त्यांनी ती वाट पाढ्यासारखी घोकली. एकदा दारात एका परगावच्या माणसानं त्यांना रंकाळा तलावाचा रस्ता विचारला. सर तंद्रीत. "उजवीकडं, खाली, डावीकडं, वर, परत खाली."

पावणं म्हणालं, "सर, मला रंकाळ्यावर जायाचं हाय, हिरीत न्हाय!"

*

याच सरांना एकदा ऐन वळणावर शिंक आली. हात जरासा थांबला, आणि चारी भुतं भलत्याच गल्लीतून अंगावर!

"इक्बालभाई, आज ही भुतं वेगळीच आहेत हो!"

"भुतं तीच हायत सर. तुमी शिंकलासा, तवा त्यांचं पाठांतर चुकलं."

*

तिसऱ्या बोर्डाला खालच्या कोपऱ्यात दोन ठिपके कायम राहायचे. ते खायला परत फिरलं की मेलोच. सुनंदाकाकू मिक्सर दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "परत कशाला फिरतायसा? जातानाच रेघ तिकडनं वळवून घ्या की. रांगोळीत हात उचलतोय व्हय आपण?"

तसं केलं. बोर्ड साफ! इक्बालभाई हात जोडून म्हणाले, "काकू, चौथाबी बघतायसा काय?"

"आधी माझा मिक्सर बघा!"

*

शेवटी ते मशीन आजऱ्याच्या एका दुकानदारानं मागितलं. तो टेम्पो घेऊन आला, तेव्हा इक्बालभाई सतराव्या बोर्डावर होते. तो बोर्ड संपला की एक धून वाजते, असं आम्ही ऐकून होतो. त्या बोर्डाची वाट पाठ झाली होती, पण धुनेपर्यंत आमच्यातलं कुणी कधी पोचलंच नव्हतं.

"एवढा बोर्ड हू दे पावणं," ते मान न वळवता म्हणाले.

अर्धा बोर्ड झाला आणि पडदा फट्‌कन काळा पडला. पिक्चर ट्यूब गेली! आवाज तेवढा चालू.

"गेलं की वो!" आजरेकर हळहळला.

इक्बालभाईंनी डावा हात वर करून त्याला थांबवलं. उजव्या हातातली दांडी फिरतच होती. काळ्या काचेमागं ठिपके खाल्ल्याचा टकटक आवाज, भुतांची शिट्टी. कांबळे सर ओठांतल्या ओठांत वाट पुटपुटत होते. टकटक, टकटक. मग टकटक थांबली.

आणि धून वाजली.

इक्बालभाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली, दांडी सोडली आणि आजरेकराला म्हणाले, "न्या आता."