विहीणबाईंबरोबर शिकारीला

दर रविवारी संध्याकाळी शारजाच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो आणि त्यात अमेरिकेतल्या मुलीचं अर्धं कपाळ दिसत असतं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्या कपाळाशेजारी माझ्या विहीणबाई येऊन बसल्या. उंच अमेरिकन बाई, पांढरे आखूड केस, बोलणं मोजकं. लग्नात त्या हौसेने साडी नेसल्या होत्या आणि मी दिवसभर त्यांच्या निऱ्या सुटतील की काय या धास्तीत होते. त्यापलीकडे आमच्यात कधी काही बोलणं झालं नव्हतं. त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांचे यजमान गेले, तेव्हाही मी फोनवर ठरलेली दोन वाक्यं बोलून फोन मुलीला द्यायला सांगितलं होतं.

"एप्रिलमध्ये तुम्ही इकडे येताच आहात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तेव्हा टर्कीचा सीझन असतो. माझ्याबरोबर याल?"

मला वाटलं जेवायला बोलावतायत. मी म्हटलं, "हो, नक्की येईन."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं. मग त्या उठून गेल्या आणि मुलगी स्क्रीनजवळ आली. "आई, डू यू नो व्हॉट यू सेड येस टू? शी मीन्स हंटिंग. विथ अ गन."

मुलगी इथेच वाढली, मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. त्या दिवशी मला वाटलं, निदान हे तरी तिने मराठीत सांगायचं, म्हणजे आपण चुकीचं ऐकलं अशी आशा तरी उरली नसती.

"अगं, तू झुरळ दिसलं तर मला ऑफिसातून बोलावतेस," हे म्हणाले.

"मग तसं कळवा ना त्यांना."

"मी कशाला कळवू? शब्द तू दिलास. मुलीच्या सासरी दिलेला शब्द आहे."

मी हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत शिपमेंटची कागदपत्रं बघते. एका स्पेलिंगपायी कंटेनर बंदरात अडकतो, त्यामुळे काळजी करणं हे माझं कामच आहे. मी फोनवर वाचायला बसले. टर्की म्हणजे कोंबडीच्या जातीचा मोठा पक्षी, नर मोरासारखा पिसारा फुलवतो. वसंतात फक्त नराची शिकार करतात. शिकाऱ्याने पहाटे रानात झाडाला पाठ लावून बसायचं, मादीचा आवाज काढायचा आणि नर आपणहून जवळ येण्याची वाट बघायची. अंगावर लाल, पांढरं, निळं काही घालायचं नाही. नराचं डोकं त्याच रंगांचं असतं. दुसऱ्या कुणा शिकाऱ्याला झुडपातून तुमचा लाल रुमाल दिसला तर तो तुमच्यावरच नेम धरेल.

हे वाचल्यापासून माझी झोप गेली. आपण मादीचा आवाज काढतोय आणि तो ऐकून नरच येतोय, बंदूकवाला माणूस येत नाहीये, हे कळणार कसं? मी कपाटातला लाल पंजाबी ड्रेस काढून वरच्या फळीवर टाकला. मग पायावर चढणाऱ्या गोचिडांबद्दल वाचलं. मग सापांबद्दल.

मार्चच्या सुरुवातीला विहीणबाईंचं पार्सल आलं. आत हाताएवढी लांबट लाकडी पेटी होती. तिचं झाकण एका टोकाला खिळ्यावर फिरायचं. झाकणाला खडू घासायचा आणि ते पेटीच्या कडेवरून हळूच ओढायचं, म्हणजे टर्कीच्या मादीचा आवाज निघतो. सोबत चिठ्ठी होती: रोज थोडा सराव करा.

माझ्या हातून पहिल्यांदा दार करकरल्यासारखा आवाज निघाला, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. तिसऱ्या दिवशी खरंच काहीतरी पक्ष्यासारखं उमटलं आणि तेव्हाच बेल वाजली. दारात बिल्डिंगचा वॉचमन.

"मॅडम, बिल्डिंग में मुर्गी रखना मना है."

"मुर्गी नहीं है."

तो माझ्या खांद्यावरून आत बघत राहिला. पेटी दाखवावी तर ही कशासाठी, हे सांगावं लागणार. शिकार हा शब्द परक्या देशात बिल्डिंगच्या वॉचमनपाशी उच्चारायची माझी हिंमत झाली नाही. हे आतून म्हणाले, "टीव्ही है, भाई." तो गेला, पण त्यानंतर लिफ्टमध्ये तो असला की मी जिन्याने जायचे. मी सराव गाडीत सुरू केला. दुपारच्या सुट्टीत कंपनीच्या पार्किंगच्या कडेला, काचा बंद, एसी चालू, मांडीवर रुमाल पसरून. कुणी जवळून गेलं की पेटी रुमालाखाली.

बंदुकीचं काय ते उरलं होतं. हे मला शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबात घेऊन गेले. तिथे मातीच्या तबकड्या हवेत उडवतात आणि त्या फोडायच्या असतात. शिकवणारा लाहोरचा होता, शांत, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. त्याने माझ्या कानांवर हेडफोनसारखं काही चढवलं, बंदूक खांद्यात नीट बसवून दिली आणि म्हणाला, "आँखें खुली, मॅडम. बस इतना."

मी डोळे मिटूनच पहिली गोळी झाडली. खांद्याला धक्का बसला. तबकडी सावकाश जाऊन वाळूत पडली. दुसरी, तिसरी, तशाच. मला आतून हायसं वाटत होतं. जमत नाही म्हणून सांगता येईल, संपलं.

मग एक होला आला. राखी-तांबूस, कबुतराहून लहान, आपल्या अंगणात येतो तसा. तबकड्यांच्या वाटेतून तो आडवा उडत गेला आणि माझी बंदूक त्याच्यामागे वळली. मी वळवली असं मला आठवत नाही. गाल लाकडाला टेकलेला, दोन्ही डोळे उघडे, हात अगदी स्थिर.

"मॅडम, नीचे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, फक्त नळीवर हात ठेवून ती खाली केली. "परिंदे पे नहीं."

मी सॉरी म्हटलं. पुढच्या तबकड्यांपैकी एक फुटली. हे लांबून टाळ्या वाजवत होते आणि मला मात्र कुठेतरी जाऊन बसावंसं वाटत होतं. इतके दिवस आपल्याला हे जमणार नाही, ही भीती होती. आता जमेल, ही भीती बसली. आमच्याकडे मासे-मटण सगळं चालतं, पण ते सुपरमार्केटच्या पिशवीतून येतं.

दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. शेवटी ऑफिसच्या पार्किंगमधून विहीणबाईंना फोन लावला. मुलगी मध्ये नसताना केलेला हा माझा पहिला फोन. त्यांच्याकडे सकाळ होती. मी आधी हवापाण्याचं विचारलं, मग एका दमात सांगून टाकलं, की मी तेव्हा जेवणाचं आमंत्रण समजून हो म्हटलं होतं, की मला बंदुकीची भीती वाटते आणि आता स्वतःचीही वाटते.

माझ्या मनात येऊन गेलं, झालं, मुलीच्या सासरी आपण हे करून ठेवलं.

"बंदूक तुम्हाला घ्यायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "ती मी घेईन. तुम्ही फक्त आवाज काढा. आवाज नेहमी तो काढायचा."

तो म्हणजे त्यांचे यजमान. दर वसंतात दोघं जायची. मुलाला, म्हणजे माझ्या जावयाला, शिकारीची आवड नाही, त्यामुळे त्याला विचारता येईना. एकटीने त्या रानात जाऊन बसायचा त्यांना धीर होत नव्हता. "तुम्ही हो म्हणालात तेव्हा मला कळलं होतं, तुम्हाला नीट समजलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण मी गप्प बसले. तुम्ही नाही म्हणाल म्हणून घाबरले."

फोन ठेवल्यावर मी गाडीच्या काचा खाली केल्या आणि पेटी वाजवायला घेतली. दोन गाड्या सोडून उभा असलेला एक ड्रायव्हर वळून बघत होता. मी वाजवत राहिले.

एप्रिलमध्ये गेलो. त्यांनी मला आपले रानरंगाचे कपडे दिले, बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. पहाटे एका ओकच्या झाडाला पाठ लावून आम्ही खांद्याला खांदा टेकवून बसलो. थंडीने आणि भीतीने माझी बोटं आखडली होती. मी झाकण ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं, आणि उताराखालून कुणीतरी गडगडून ओ दिली. विहीणबाईंचा हात माझ्या गुडघ्यावर आला. माझ्या डोक्यात एकच, हा पक्षीच आहे ना, माणूस तर नाही? मग झाडांमधून तो आला, पिसारा फुलवून, लाल-पांढरं-निळं डोकं इकडेतिकडे वळवत, मला शोधत. त्यांनी गोळी झाडू नये असं वाटत होतं आणि आता लवकर झाडावं असंही. बंदूक कितीतरी वेळ त्यांच्या गुडघ्यावर तशीच टेकून होती. मग आवाज झाला.

त्या जाऊन पक्ष्यापाशी बसल्या आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. मीही गेले. पिसं तांब्याच्या भांड्यासारखी चमकत होती, अंग गरम होतं.

"ठीक आहात ना?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. पक्षी जड होता. आळीपाळीने उचलत आम्ही घरी आणला. संध्याकाळी मी त्यातलं थोडं खाल्लं. चव कशी होती हे ह्यांनी विचारलं, तेव्हा मला सांगता आलं नाही.

आता त्या रविवारची वाट न बघता थेट मलाच फोन करतात. मुलीला ते कधीकधी नंतर कळतं. परवा त्यांनी विचारलं, पुढच्या वसंतात याल का. मी म्हटलं, विचार करावा लागेल. "करा," त्या म्हणाल्या, आणि निऱ्या न सुटता साडी कशी नेसायची ते विचारायला लागल्या.